अण्णांच्या नऊ पेट्या

गल्लीत कुणाला ठेच लागली की आमच्या घरमालकांना आनंद होतो, असं लोक म्हणायचे. हा त्यांच्यावर अन्याय होता. आनंद होत नसे. पण कुणी 'आई गं' म्हणून ओरडलं की ते भरल्या ताटावरून उठायचे, उष्ट्या हातानं औषधाची पेटी उचलायचे आणि अशा लगबगीनं निघायचे, की ज्याला लागलंय तो माणूस त्यांना बघून दुखणंच लपवायचा. मी स्वतः अंगठ्याचं नख निम्मं उखडलेलं असताना, काही झालं तरी लंगडायचं नाही असा निश्चय करून, त्यांच्या दारावरून शाळेत शिकवायला गेलेलो आहे.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, मीही म्हणायचो. शहापुरातल्या आमच्या बोळात एका रांगेत नऊ घरं होती. पहिलं अण्णांचं. शेवटचंही त्यांचंच, त्यात मी आणि माझी बायको भाड्यानं राहत होतो. मधल्या सात घरांत सगळे विणकर. सकाळपासून मागांचा खटखटाट सुरू व्हायचा. नवीन माणसाला पहिले आठ दिवस त्यात दुपारची झोप लागायची नाही, आणि नंतर त्याशिवाय लागायची नाही. अण्णा उंच, काटकुळे, डोक्याला पटका, आणि कमरेला घरच्या मागावरचं पांढरंशुभ्र धोतर. पटक्याशिवाय अण्णांना त्यांच्या बायकोनंही बघितलं नसेल, असं आम्ही म्हणायचो. धोतराचा काठ कधी तिरका गेला नाही. चालताना ते सारखे खाली बघायचे, ते रस्त्यासाठी नव्हे, काठासाठी.

लढाईचे दिवस होते. शहापूर तेव्हा संस्थानात आणि नाका ओलांडला की इंग्रजांचं बेळगाव. जपानी विमान आलं तर ते बॉम्ब कुठं टाकेल, यावर पानाच्या दुकानात रोज वाद चालायचा. संस्थानाचं जपानशी काही वाकडं नाही, तेव्हा विमानवाला नाका बघून पुढं जाईल, असं बहुमत होतं. तरीही एक दिवस आमच्या शाळेत नाक्यापलीकडचे एक डॉक्टर घरगुती प्रथमोपचारावर व्याख्यान द्यायला आले. आम्ही मास्तर लोक तिथं होतो, कारण हेडमास्तर दाराशी हजेरी घेत होते. अण्णा तिथं होते, कारण त्यांना यायचं होतं. त्या सभेत स्वखुशीनं आलेला तेवढा एकच माणूस होता.

डॉक्टर म्हणाले, प्रत्येक घरात एक पेटी हवी. पट्टी, कापूस, टिंक्चर आयोडीन, बोरिक पावडर, कात्री, पिना आणि मोडलेल्या हाडाला आधार द्यायला कामट्या. सात वस्तू. अण्णांना लिहायची सवय नव्हती. त्यांनी एकेक वस्तू ऐकली तसं एकेक बोट मिटलं, आणि सात बोटं मिटलेल्या अवस्थेत, दोन्ही हात छातीशी धरून, शाळेपासून घरापर्यंत चालत आले. वाटेत कुणी रामराम घातला तरी हात जोडले नाहीत.

माझ्या दारात उभं राहून म्हणाले, "मास्तर, दौत-टाक घ्या. तुमी लिवा, मग मी बोटं सोडतो."

मी लिहून घेतलं. हसू आवरत विचारलं, "अण्णा, एवढी कसली घाई? विमान उद्या येत नाही."

"इमानाचं न्हाय वो," अण्णा म्हणाले, आणि उंबऱ्यावर बसले. "माणूस जखमंनं मरत न्हाय मास्तर. हुडकण्यानं मरतोय."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांचा एक धाकटा भाऊ होता. परसातल्या चिंचेची फांदी तोडताना कुऱ्हाड निसटली आणि मांडीत बसली. "रगात थांबंना. मी आत पळालो, फडकं हुडकाय. ह्या घरात दोन माग, दोन्हीवर लुगडी, कोनाड्यात सुताच्या लडी. आन मी फडकं हुडकतोय. हे नको, मळकं हाय. ते नको, गिऱ्हाइकाचं हाय. पेटारा उघाडला, बोचकी सोडली. भाईर आलो तवा सपलं हुतं." मग स्वतःच्या कमरेकडं बोट दाखवून म्हणाले, "अंगावर धोतर हुतं की वो मास्तर. नेसलेलं. त्ये बी सुचलं न्हाय."

त्या दिवसापासून मी अण्णांना हसायचं सोडलं, असं इथं लिहायला बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. अण्णांनी पुढं जे जे केलं त्याला हसल्याशिवाय राहणं माणसाच्या हातातलं नव्हतं.

एक पेटी करून थांबतील तर ते अण्णा कसले! आपल्या भावाच्या वेळी आजूबाजूच्या आठ घरांतही फडकं निघालं नव्हतं, तेव्हा पेट्या नऊ हव्यात, असा त्यांचा हिशोब. निपाणीत त्यांचे एक जैन व्यापारी स्नेही होते, तंबाखूच्या वखारीचे मालक. त्यांनी तपकिरीचे नऊ रिकामे डबे दिले. झाकणाचे, पत्र्याचे, चांगले मजबूत डबे. तीनदा सोड्याच्या पाण्यानं उकळले, चार दिवस उन्हात वाळवले, पण तपकीर काही पत्रा सोडेना. झाकण उघडलं की उघडणारा शिंकायचा, आणि त्यामागोमाग जखमी माणूस शिंकायचा. मी ही अडचण अण्णांच्या कानावर घातली.

"अडचण?" अण्णा म्हणाले. "चांगलं हाय की. शिंकला म्हंजे जीव हाय. न्हाय शिंकला, तर डागदराला बलवायचं."

मग पट्टी. अण्णांनी बेळगावच्या दुकानातून एक विकतची पट्टी आणली, उजेडाकडं धरली, दोन बोटांत ताणली आणि खाली ठेवली. विणकराच्या घरात असलं कापड ठेवायचं म्हणजे आचाऱ्यानं खानावळीतून भात मागवायचा, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी मोडक्या पाळण्याच्या लाकडांतून चार बोटं रुंदीचा एक चिमुकला माग तयार केला. लढाईमुळं सूत मोजून मिळायचं. मोठ्या मागावरून लुगडं उतरलं की ताण्याचं जे सूत उरायचं, ते सोडवून, गाठी मारून, अण्णा रोज संध्याकाळी पट्टी विणत बसायचे. आणि पट्टीला काठ घालायचे. लाल. शेवटी वीतभर पदर.

"अण्णा, पट्टीला काठ कशाला?" मी विचारलं.

अण्णांनी धोटा थांबवला. "बिनकाठाचं कोरं पांढरं कापड कुणाला लागतंय मास्तर?"

त्यांनी धोटा पुन्हा फेकला.

"मढ्याला. जित्या माणसाला मी त्ये बांधणार न्हाय."

"आणि पदर?"

"पदर नसला तर पट्टी सपली हे कळणार कसं?"

तर अशा काठापदराच्या पट्ट्या तयार झाल्या, आणि त्या बांधायचा सराव अण्णांनी माझ्यावर केला. ते आधी पदर कुठं यायला हवा ते ठरवायचे, मग तिथून मागं मागं येत जखम कुठं असेल ते बघायचे. एकदा त्यांनी माझं डोकं असं बांधलं की पदर बरोबर कपाळावर आला. मी आरशात बघितलं आणि बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "थांबा, कुंकू आणते."

पहिला खरा जखमी मिळाला तो एक टांगेवाला. त्याचं बोट चाकाच्या पट्टीत कापलं होतं. बोट कसलं, नखाशेजारची कातडी. अण्णांनी हात मनगटापर्यंत बांधून दिला. आता लढाईपायी जर्मन रंग यायचा बंद झाला होता आणि बाजारात जो लाल मिळायचा तो घामालासुद्धा टिकायचा नाही. टांगेवाला उन्हातून लगाम धरून नाक्यापर्यंत गेला तोवर काठाचा रंग सुटून कोपरापर्यंत ओघळला होता. नाक्यावरच्या पोलिसानं टांगा अडवला आणि कुणाला भोसकून आलास म्हणून विचारलं. टांगेवाला म्हणाला, मलाच लागलंय. पोलीस म्हणाला, एवढं रक्त गेलेला माणूस टांगा हाकत नाही. शेवटी पट्टी सोडली, तर आत बोट धडधाकट. मग तर पोलिसाचा संशय पक्काच झाला. अण्णांनी स्वतः जाऊन, झाकण उघडून, पोलिसाला दोनदा शिंकायला लावून, सगळा उलगडा केला तेव्हा त्याला सोडलं. त्यानंतर अण्णांनी लाल काठ सोडला आणि निळा घेतला. निळ्या रगताच्या माणसाला कुठल्या कलमाखाली धरतात ते बघू, म्हणाले.

खंडेनवमीला मागांची पूजा झाली तेव्हा मागांशेजारी नऊ डबेही मांडले. त्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल लागलं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटतात तसे अण्णांनी ते घरोघर वाटले. प्रत्येक घरी एकच सूचना, "हुडकायला लागाय नगं अशा जागी ठेवा." बायकांनी डबे आनंदानं घेतले. इतकी छान निळ्या काठाची, पदराची पट्टी शहापुरात दुसरीकडं कुठं फुकट मिळत होती?

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. दिवाळी जवळ आली तसा कापूस वातींत गेला. आमच्या घरचा सगळ्यात आधी, कारण माझी बायको वाती फार सुबक वळायची. पिना पदराला लागल्या. कात्री एकीनं दुसरीला दिली, तिनं तिसरीला. बोरिक पावडर चौथ्या घरातल्या मुलीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी तिच्या तोंडाला लागली, आणि लग्न जमलं, त्यामुळं त्या पावडरीला भलताच मान आला. कामट्या जाईच्या वेलाला. टिंक्चर एकानं बैलाच्या खांद्याला लावलं आणि बैलाला गुण आला, म्हणून दुसऱ्यानं नेलं. आणि पट्ट्या? पट्ट्या झबल्यांना लागल्या, कुंच्यांचे बंद झाल्या, चोळीच्या बाहीला काठ म्हणून बसल्या. त्या वर्षी आमच्या बोळात जन्मलेलं एकही मूल अण्णांच्या पट्टीशिवाय बारशाला बसलं नाही.

अमावस्येला माग बंद असतात. अण्णांनी दर अमावस्येला पेट्यांची तपासणी करायची असं ठरवलं, आणि मला वही घेऊन बरोबर घेतलं. "तुमचं अक्षर चांगलं हाय," म्हणाले. पहिली तपासणी दिवाळीच्या अमावस्येची. तिसऱ्या घरात डबा उघडला, दोघं शिंकलो, आणि बघतो तर पट्टी नाही. ती घरातल्या नातवाच्या कुंचीवर होती आणि नातू तिथंच मांडीवर खेळत होता. म्हातारी हसत म्हणाली, "बगा की अण्णा, किती ग्वाड दिसतंय!" अण्णांनी कुंचीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी वहीत लिहिलं, 'तिसरे घर : पट्टी नाही'. अण्णा पुढच्या घरी गेलेच नाहीत. सरळ माघारी फिरले, आणि दोन दिवस जेवले नाहीत. मागावरही बसले नाहीत. परसात चिंचेखाली जाऊन बसायचे.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वैनी म्हणायची. मऊ स्वभावाची बाई, त्या दोन दिवसांत घाबरून गेली. तिसऱ्या दिवशी त्या आमच्या परसात आल्या. "मास्तर, हे असंच चाललं तर त्यो माणूस जायाचा. प्रत्येक घरात डबा भरलेला दिसला पायजे. कसा बी."

मी म्हटलं, "पण वैनी, दुसऱ्या घरचा कापूसही काल वातींत गेला, भरलेला डबा आता एकच शिल्लक आहे. तुमच्या घरचा."

"एक हाय न्हवं?" वैनी म्हणाल्या. "मग झालं की."

आमच्या नऊही घरांची परसं एकमेकांना लागून, मध्ये कमरेएवढ्या दगडी भिंती. अण्णा तपासणीला निघायचे ते पहिल्यांदा स्वतःच्या घरापासून. नियम म्हणजे नियम, स्वतःला सूट नाही. स्वतःचा डबा उघडायचे, शिंकायचे, वस्तू मोजायचे, मी लिहायचो 'पेटी पूर्ण'. आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो की वैनी मागच्या दारानं डबा दुसऱ्या परसात द्यायच्या. आम्ही दुसऱ्या घराच्या उंबऱ्यावर पोचेपर्यंत डबा फळीवर. दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात. बायकांना एवढी शिस्त कुठल्याही सरकारनं लावली नसती. आणि माझं काम काय? अण्णांना दाराशी थोपवायचं. मी विचारायचो, "अण्णा, साप चावला तर हो?" अण्णा थांबायचे आणि पायरीवर बसून साप समजावून द्यायचे. दुसऱ्या घराला साप, तिसऱ्याला विंचू, चौथ्याला विहिरीत पडलेला माणूस, पाचव्याला भाजलेला. नऊ घरांना पुरतील इतके अपघात मला पाठ झाले होते.

एकच धोका होता, तपकीर. आम्ही दाराशी सापाशी झगडत असताना आतून शिंक ऐकू यायची. अण्णा कान टवकारायचे.

"काय गं, सर्दी?"

"व्हय अण्णा, लई झालीया," आतून उत्तर यायचं.

पुढच्या घरातही सर्दी. त्याच्या पुढच्याही. एकदा अण्णा मला गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, ह्या बोळात दर अमावस्येला साथ येतीया. ही कसली हवा?" मी म्हणालो, "समुद्राकडून येत असेल." मी शाळेत भूगोल शिकवायचो.

मला यात काही गैर वाटत होतं का? खरं सांगायचं तर मजा वाटत होती. अण्णा खूश होते, जेवत होते, वैनी खूश होत्या, गल्लीत हसणं होतं. अण्णांच्या दुःखावर आम्ही सगळ्यांनी मिळून घातलेली ती फुंकर आहे, असंही मी बायकोला एकदा म्हणालो. मास्तर माणसाला स्वतःच्या कुठल्याही वागण्याला चांगलं वाक्य सुचतं. कार्तिकापासून आषाढापर्यंत नऊ अमावस्या अशा झाल्या. वहीत ओळीखाली ओळ, 'पेटी पूर्ण, पेटी पूर्ण'. आणि त्या एकुलत्या डब्यातलंही काही ना काही दर वेळी कमी होत गेलं. कुणी एक पीन काढली, कुणी पट्टीचा हातभर तुकडा. वरून सगळं जसंच्या तसं दिसायचं. अण्णा वस्तू मोजायचे, उलगडून बघायचे नाहीत.

श्रावणातली अमावस्या. आठ घरं झाली. नववं आमचं. मी अण्णांना दाराशी धरून ठेवलं होतं आणि वीज अंगावर पडली तर काय करावं, असं विचारत होतो. ते सांगत होते. माझी बायको आठव्या परसात डबा घ्यायला गेली होती. ती गुंजीकडच्या रानातली, झाडावर चढत लहानाची मोठी झालेली. तिला त्या भिंतीचं काय? पण भिंतीवर शेवाळ होतं, आणि डब्याचं झाकण सैल झालं होतं. आधी शिंक ऐकू आली. मग पत्र्याचा आवाज. मग ती ओरडली.

आम्ही मागं पळालो. ती भिंतीखाली बसली होती. टिंक्चरची बाटली तिच्या हाताखाली फुटली होती आणि कोपराखालची नस आडवी कापली गेली होती. दगडांवर रक्त उड्या मारत होतं. भिंतीपलीकडं आठ घरांच्या बायका उभ्या.

मी काय केलं ते सांगतो. मी घरात पळालो, फडकं शोधायला. ट्रंक उघडली. वर तिचं लग्नातलं लुगडं होतं, ते बाजूला ठेवलं. खाली माझा कोट. टेबलावरचं फडकं मळलेलं होतं, शाईचं. पंचा कुठं वाळत घातलाय ते आठवेना. कोनाडा बघितला, फळी बघितली. मी असा किती वेळ शोधत होतो मला माहीत नाही. शेवटी एक उशीचा अभ्रा ओढून बाहेर आलो.

बाहेर काय झालं ते मला नंतर वैनींनी सांगितलं. अण्णांनी पडलेल्या डब्यातून पट्टीची गुंडाळी उचलली आणि सोडायला घेतली. दोन हात पट्टी निघाली, आणि आतून दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड खाली पडलं. जमिनीवर सांडलं होतं ते टिंक्चर नव्हतं, बिनदुधाचा चहा होता. अण्णांनी बुरकुंडाकडं बघितलं. डब्याकडं बघितलं, त्याच्या बुडाशी वैनींनी खंडेनवमीला फक्त घरच्या डब्याला ओढलेलं कुंकवाचं बोट अजून होतं. तो डबा त्यांच्या स्वतःच्या घरातला होता, सकाळी पहिल्यांदा मोजलेला. पण हे सगळं बघायला त्यांना एवढासाच वेळ लागला, असं म्हणून वैनींनी चुटकी वाजवली.

मी अभ्रा घेऊन बाहेर आलो तेव्हा अण्णा लंगोटावर गुडघे टेकून बसले होते. धोतर फाडून त्याच्या घट्ट घड्या त्यांनी तिच्या हाताला आवळल्या होत्या आणि तो हात उंच धरला होता. पटका सोडून त्याची झोळी केली होती. मी पहिल्यांदा त्यांचं डोकं बघितलं. पूर्ण टक्कल होतं, मागं थोडे पांढरे केस. धोतराचा काठ कुठंतरी आत चुरगळून गेला होता.

"हात खाली घिऊ नको पोरी," ते म्हणत होते. "वर धर. माझ्याकडं बग. वर." आणि मला म्हणाले, "मास्तर, त्ये हातातलं टाका आन टांगा बगा."

टांग्यात ते तसेच बसले, अंगात सदरा आणि खाली लंगोट, तिचा हात दोन्ही हातांनी धरून. भर दुपारी सगळं शहापूर बघत होतं. नाक्यावरच्या पोलिसानं अडवलं नाही. कुणी हसलंही नाही. दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बांधलं होतं म्हणून बरं, नाहीतर नाक्यापर्यंत पोचली नसती. ती वाचली. हातावर वण राहिला, आणि तो हात पाटावरवंट्याला पुन्हा पहिल्यासारखा चालला नाही.

अण्णा कुणालाही काही बोलले नाहीत. वैनींनाही नाही. मागावर बसायचे, पट्टीचा छोटा माग मात्र तसाच उभा असायचा. रस्त्यात भेटले तर "आता कसा हाय हात?" एवढंच विचारायचे. चौथ्या घरातल्या बाईनं झबल्याची पट्टी उसवून, धुऊन परत नेऊन दिली. त्यांनी घेतली आणि खुंटीला अडकवली. त्यांनी आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बायकांचं म्हणणं होतं, आणि माझंही.

पुढची अमावस्या आली. मी सकाळपासून वाट बघितली. हाक आली नाही. दुपारी मीच वही घेऊन पहिल्या घरी गेलो. अण्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, डोक्याला नवा पटका. माफी मागायची म्हणून मी चार वाक्यं जुळवून आणली होती. चांगली होती.

"वही आणलीया?" अण्णांनी विचारलं.

"आणलीय."

"वाचा."

"सगळी?"

"मला कुटं वाचाय येतंय? वाचा की."

मी वाचायला लागलो. आश्विन अमावस्या. पहिले घर, पेटी पूर्ण. दुसरे घर, पेटी पूर्ण. तिसरे घर, पट्टी नाही. इथवरच्या तीनही ओळी खऱ्या होत्या. मग कार्तिक. पहिले घर, पेटी पूर्ण. दुसरे घर, पेटी पूर्ण. तिसरे घर, पेटी पूर्ण. वैनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. मार्गशीर्ष. पौष. मधेच मी थांबलो तर अण्णा नुसतं म्हणाले, "म्होरं." माघ, फाल्गुन. प्रत्येक महिन्यात नऊ ओळी, आणि प्रत्येक नवव्या ओळीला माझं स्वतःचं घर. नववे घर, पेटी पूर्ण. आषाढापर्यंत वाचलं. श्रावणात आठ ओळी होत्या. त्या वाचल्या आणि थांबलो.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोप लागली असेल. मग डोळे उघडून त्यांनी वहीकडं मान वाकवून बघितलं, बराच वेळ.

"मास्तर," ते म्हणाले, "अक्षर लई ब्येस हाय तुमचं."

मी वही मिटली. त्यांनी ती मागितली नाही, मीही दिली नाही. पुढं माझी बदली झाली, बिऱ्हाडं बदलली, बरंच सामान गेलं, वही राहिली. कधीतरी काढून बघतो. अक्षर खरंच चांगलं आहे.